मराठवाड्यातून दिग्दर्शनाकडे : सुरुवात एका गाण्यापासून

बीड, परभणी, नांदेडकडची पोरं-पोरी भेटली की दोन प्रश्न हमखास विचारतात. मुंबईला कधी जायचं, आणि कॅमेरा कोणता घ्यायचा? दोन्हींना माझं उत्तर एकच असतं : आधी एक गाणं पूर्ण करा. पूर्ण म्हणजे सुचल्यापासून ते लोकांच्या मोबाइलवर पोचेपर्यंत.

सिनेमाला दोन-तीन वर्षं सहज जातात आणि नवख्या माणसाच्या हातून तो मध्येच कुठेतरी अडकतो. गाण्याचा व्हिडिओ चार मिनिटांचा असतो, पण तेवढ्यात लेखन, कलाकारांची निवड, रेकी (म्हणजे शूटिंगची जागा आधी जाऊन बघणं), कपडे, प्रकाश, नाच, संकलन, परवानग्या, हिशेब असं सगळं एकदा हाताखालून जातं. महिना-दीड महिन्यात अख्खं चक्र फिरतं आणि आपण कुठे कच्चे आहोत ते कळतं. अर्धवट सोडलेल्या पाच शॉर्टफिल्मपेक्षा पूर्ण झालेलं एक साधं गाणं जास्त शिकवतं. मी स्वतः याच वाटेनं आलो, म्हणून तीच वाट पायरीपायरीनं सांगतो.

दिग्दर्शक दिवसभर काय करतो

तो निर्णय घेतो. सेटवर पोचल्यापासून पॅकअपपर्यंत कुणी ना कुणी येऊन विचारत असतं. ओढणी लाल की पिवळी? बैलगाडी डावीकडून आणू की उजवीकडून? ऊन ढगात गेलं, थांबायचं का? प्रश्न बारीक असतात, पण प्रत्येकाला उत्तर लागतं आणि ती सगळी उत्तरं एकाच गाण्याची वाटली पाहिजेत. त्यासाठी गाणं आपल्या डोक्यात शूटिंगच्या आधी तयार असावं लागतं. कॅमेरा चालवणं, लेन्स बदलणं, ट्रॉली ढकलणं ही कामं करणारी माणसं मिळतात. तुमच्या वतीनं निर्णय घेणारं कुणी मिळत नाही.

शिकायचं कुठे

पहिली शाळा नाटकाची. कॉलेजात असाल तर युवक महोत्सवातली एकांकिका सोडू नका, अगदी पडदा ओढायचं काम मिळालं तरी. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीची केंद्रं मराठवाड्यातही असतात. तिकीट काढून रोज एक नाटक बघा आणि घरी आल्यावर फसलेला प्रसंग का फसला ते लिहून काढा. नटाशी कसं बोलायचं, हे कॅमेरा शिकवत नाही, तालीम शिकवते. ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था औरंगाबादेत उभी राहिली आणि तिथली मंडळी पुढे मुंबईच्या रंगभूमीवर आणि पडद्यावर गेली. जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थसारख्या गावातल्या शेतकरी घरांतल्या कलाकारांनी आपली भाषा जराही न बदलता राज्यभर नाटक गाजवलं. दोन्ही उदाहरणं डोळ्यांपुढे ठेवा.

रीतसर शिक्षण हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्याची एफटीआयआय ही सरकारी चित्रपट-शिक्षणसंस्था १९६० साली जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथला दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, आणि त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बीएससी ॲग्री केलेल्यांनी मनातून भीती काढून टाकावी. प्रवेश परीक्षा अवघड असते, जागा कमी असतात. तरी एकदा तयारी करून बसाच, त्या तयारीतच बरंच वाचून होतं.

आणि लग्नाची शूटिंग. तिला नाक मुरडणारे खूप भेटतात. मी तीन सीझन लग्नं केली आणि त्याचा मला आजही उपयोग होतो, कारण अक्षता दुसऱ्यांदा पडत नाहीत. पुढचा क्षण कुठे घडणार ते ओळखून आधीच तिथे उभं राहायची सवय लग्नातच लागते. मात्र तिथली एक खोड लवकर सोडावी लागते. प्रत्येक गोष्ट स्लो मोशनमध्ये दाखवली की कोणतीच महत्त्वाची राहत नाही.

गाणं कुठून आणायचं

आपल्याकडे गाण्यांचा स्वतःचा बाजार आहे. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, गणपतीची गाणी, नवरात्रात तुळजापूरच्या देवीची आराधी गाणी, लग्नसराईत हळदीची, आणि तांड्यांवर वाजणारी बंजारा गाणी. यातला एखादा गायक किंवा स्टुडिओवाला तुमच्या तालुक्यातच असेल. त्याचं गाणं तयार असतं, त्याला व्हिडिओ हवा असतो. पहिलं काम असं मिळतं. फक्त तारखेचं भान ठेवा. १४ एप्रिलचं गाणं मार्चच्या मध्यापर्यंत हातावेगळं झालं पाहिजे. एप्रिल उजाडल्यावर कुणी शूट करायला सांगितलं तर नम्रपणे पुढच्या वर्षीचं बोला.

हक्कांचा मामला इथेच मिटवून घ्या. गंगाखेडच्या जनाबाई, नरसीचे नामदेव, पैठणचे एकनाथ, तेरचे गोरोबाकाका यांच्या शब्दांवर कुणाची मालकी नाही. ते अभंग, ती भारुडं कुणालाही घेता येतात आणि ही आपली केवढी मोठी इस्टेट आहे! पण त्याच अभंगाला अलीकडच्या एखाद्या संगीतकारानं लावलेली चाल त्याची असते. आपल्या कायद्यात कवी आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तेव्हा ‘हे तर लोकगीतच आहे’ असं समजून जुन्या कॅसेटवरची चाल उचलू नका. युट्यूबवर मूळ मालकाचा कॉपीराइट क्लेम येतो आणि सगळ्यांचे कष्ट पाण्यात जातात. शब्द जुने घ्या, चाल नवी बांधून घ्या. जात्यावरची ओवी एखाद्या आजीच्या तोंडून घेतली असेल तर तिला विचारा, मानधन द्या, आणि श्रेयनामावलीत तिचं पूर्ण नाव लिहा.

कागदावरचं गाणं

गाणं हातात आलं की दोन दिवस नुसतं ऐका. एसटीत, रानात, झोपताना. चित्रं लगेच ठरवू नका. मग एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा : सेकंद, शब्द, वाद्य, आणि काय दिसणार. मुखडा कुठे संपतो, म्युझिक पीस किती सेकंदांचा, अंतऱ्यात ढोलकी कुठे येते, सगळं लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात उशिरा भरा.

नवखा दिग्दर्शक ‘पाऊस’ शब्द आला की पाऊस दाखवतो, ‘डोळे’ आले की डोळे दाखवतो. शब्द कानांनी ऐकू येतातच, डोळ्यांना दुसरं काहीतरी द्यावं. समजा, गाणं सासरी गेलेल्या बहिणीच्या आठवणीचं आहे. रडणारा भाऊ दाखवला की पहिल्या मुखड्यातच सगळं संपतं. त्यापेक्षा ती जिथे जिथे नाही त्या जागा दाखवा. उंबऱ्यासमोरची रांगोळीविना जागा. तिच्याच हातून चारा खाणारी कालवड आता मान फिरवते. कॉलेजच्या एसटीतली तिची खिडकी, तिथे दुसरीच मुलगी बसलेली. दुसऱ्या अंतऱ्यात भाऊ स्वतः रांगोळी काढायला बसतो आणि ती वाकडी येते. आता गाण्यात काहीतरी घडलं. प्रत्येक अंतऱ्यानंतर काहीतरी बदललेलं दिसलं पाहिजे, ही अट मी स्वतःला अजूनही घालतो.

हे सगळं एका पानात लिहिलं की ती झाली ट्रीटमेंट नोट. निर्मात्याला, कॅमेरामनला, कपडेवाल्या ताईंना तेच पान द्या.

मराठवाड्याचं पंचांग

याबद्दल कोणतंही फिल्म स्कूल सांगणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे शूटिंगचं वेळापत्रक रानाच्या वेळापत्रकावर बसवावं लागतं.

हिरवाई हवी तर ऑगस्ट-सप्टेंबर. म्हैसमाळचा माथा, अजिंठ्याच्या डोंगररांगा, किनवटकडचा सहस्रकुंड धबधबा तेव्हा बघण्यासारखे असतात. मात्र पावसाचा भरवसा नसतो, दोन दिवसांचं काम असेल तर तिसरा दिवस हाताशी ठेवा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. त्या दिवसांत कुणाकडे वेळ मागू नका, माणूस मिळत नाही आणि मिळाला तरी त्याचं लक्ष ढगाकडे असतं. डिसेंबर-जानेवारीत शाळू उभा असतो, हरभरा फुललेला असतो, ऊन कोवळं असतं. माझ्या मते गाण्यासाठी हाच सगळ्यात चांगला काळ. लातूर-धाराशिवकडे याच सुमारास येळवस म्हणजे वेळ अमावस्या येते, अख्खी गावं रानात जेवायला जातात. पाहुणा म्हणून गेलात तर आंबील, भज्जी खाऊन येताना वर्षभर पुरतील इतक्या प्रतिमा घेऊन याल.

बीड जिल्ह्यात काम करणार असाल तर ऊसतोडीचा हंगाम ध्यानात घ्या. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मी एकदा फेब्रुवारीत एका गावात जत्रेचं दृश्य ठरवलं होतं, शंभर माणसांचं. युनिट घेऊन पोचलो तर गावात म्हातारी माणसं आणि लेकरं. निम्म्या घरांना कुलूप. रेकी मी दिवाळीच्या आधी केली होती, चूक माझी होती. दुपारभर पारावर बसून कागद पुन्हा लिहिला, आणि त्या आज्या-आजोबांना आणि लेकरांनाच गाण्यात घेतलं. गाणं त्यांच्यामुळेच उभं राहिलं. तेव्हापासून रेकीला गेलो की सरपंचांना पहिला प्रश्न विचारतो : त्या महिन्यात गावात कोण कोण असतं?

एप्रिल-मेमध्ये नऊ वाजल्यानंतरचं ऊन पांढरं पडतं, चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. पहाटे सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात, एवढाच बाहेरचा वेळ धरा. मधल्या वेळात वाड्यातली, गोठ्यातली, माजघरातली दृश्यं घ्या. मोबाइलवर शूट करत असाल तर तो उन्हात तापून बंद पडतो, त्याला सावली आणि ओलं फडकं लागतं.

शूटिंगचा दिवस

आदल्या रात्री प्रत्येकाच्या मोबाइलवर कॉलशीट गेलेली असावी : किती वाजता, कुठे, कोणते कपडे, कोणाचा नंबर. पहिला शॉट सोपा ठेवा, युनिट तापायला वेळ लागतो.

गाण्याच्या शूटिंगला सेटवर गाणं वाजवावं लागतं. मुंबईच्या सेटवर अजूनही त्या यंत्रणेला ‘नागरा’ म्हणतात, पूर्वीच्या नागरा टेपरेकॉर्डरवरून. तुमच्याकडे चांगला स्पीकर आणि मोबाइल असला तरी भागतं. दोन गोष्टी मात्र कराच. वाजवायच्या फाइलच्या सुरुवातीला तीन बीप टाका, म्हणजे कलाकाराला सुरुवात पकडता येते. आणि कॅमेऱ्यात आवाजही रेकॉर्ड होऊ द्या. तो शेवटी वापरायचा नसला तरी संकलनात ओठ जुळवायला लागतो.

आता स्लो मोशन. माझ्या पहिल्या गाण्यात एक अख्खा अंतरा यात गेला, म्हणून जपून वाचा. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा असेल आणि तुम्ही ५० फ्रेमनं शूट केलं तर हालचाल निम्म्या वेगानं दिसते. ओठही निम्म्या वेगानं हलतात आणि गाण्याशी जुळत नाहीत. उपाय असा : सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं आणि गायकानं त्या वेगानं ओठ हलवायचे. नंतर सगळं निम्म्यावर आलं की ओठ बरोबर जुळतात आणि केस, पदर, धूळ संथ उडते. मी गाणं नेहमीच्याच वेगानं वाजवलं होतं. गायकाचा एकही क्लोजअप वापरता आला नाही. गायकाला दुप्पट वेगाची फाइल आठवडाभर आधी द्या, सराव लागतो.

ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शूट करताना चित्रात पट्टे फिरताना दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

प्रत्येक ठिकाणी आधी पूर्ण गाणं एका सलग मास्टरमध्ये घ्या, मग तुकडे. संध्याकाळी वीज गेली, पाऊस आला, पाहुणी नटी निघून गेली, तरी मास्टर हातात असला तर गाणं वाचतं. आणि हातांचे, पायांचे, भांड्यांचे, जनावरांचे पाच-पाच सेकंदांचे शॉट गोळा करत राहा. संकलनात देव आठवतो तेव्हा तेच उपयोगी पडतात.

खेड्यात काम करताना मुलींसाठी कपडे बदलायला बंद खोली, स्वच्छतागृह आणि रात्री घरापर्यंत सोडायला गाडी ही सोय नसेल तर शूटिंग लावू नका. यात मी तडजोड करत नाही. आपल्या भागात एखाद्या मुलीला घरच्यांनी मोठ्या मुश्किलीनं पाठवलेलं असतं. तिचा अनुभव वाईट आला की तिच्या मागच्या दहा जणींची वाट बंद होते. जेवण वेळेवर द्या, स्पॉटदादापासून सगळ्यांना एकच जेवण.

परवानग्या

खासगी शेत, वाडा असेल तर मालकाचं सहीचं पत्र घ्या. रस्त्यावर किंवा गर्दीच्या ठिकाणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि पोलीस ठाणे. वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला ही भारतीय पुरातत्त्व खात्याची ठिकाणं आहेत, तिथे पर्यटकासारखं शिरून गाणं उरकता येत नाही. अर्ज आणि शुल्क दोन्ही लागतं. खरं सांगायचं तर पहिल्या गाण्याला या जागा नकोतच. तुमच्या गावची पडकी वेस कुणी पाहिलेली नाही, तिथे जा.

बैल, घोडा, शेळ्या यांना चित्रपटात काम करायला लावायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते, नाहीतर सेन्सॉरच्या वेळी अडतं. ड्रोन परवानाधारक पायलटकडूनच उडवून घ्या, आणि नांदेड, लातूर किंवा चिकलठाणा विमानतळाच्या आसपास असाल तर त्या जागेचा नकाशा आधी तपासा.

संकलन आणि रंग

त्याच रात्री सगळा डेटा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि त्या दोन वेगळ्या घरी ठेवा. याच्या आधी झोपू नका.

पहिला कट साधा करा. इफेक्ट नाहीत, रंग नाहीत. तो आवाज बंद करून बघा. चित्रांतून काही कळतंय का? मग मोबाइलच्या स्पीकरवर बघा, कारण तुमचा प्रेक्षक तिथेच बघणार आहे. रंगाबाबत एक आग्रह आहे. आपल्या माणसांचे सावळे चेहरे उजळ करू नका. काळ्या मातीत उन्हात काम करणाऱ्या बाईचा चेहरा दुधासारखा केला की ती कुठलीच राहत नाही.

पैसा आणि कागद

ओळखीतलं काम असलं तरी एक पानाचा करार करा. किती दिवस, किती पैसे, कितीदा बदल करून देणार, तुमचं नाव कुठे येणार, आणि तो व्हिडिओ तुमच्या शोरीलमध्ये, म्हणजे निवडक कामांच्या नमुना-व्हिडिओत, दाखवायचा हक्क. पैशांचा एक हिस्सा सहीच्या वेळी, मोठा हिस्सा शूटिंगच्या आधी आणि उरलेला अंतिम फाइल देण्याआधी. सुरुवातीला एका निर्मात्यानं ‘आपलंच आहे’ म्हणत फाइल आधी नेली, आणि माझ्या कॅमेरामनचे पैसे मला घरून द्यावे लागले. तेव्हापासून वॉटरमार्क असलेली फाइल दाखवतो, पैसे आले की मूळ देतो. पॅन कार्ड, स्वतःच्या नावाचं बिल, कापलेल्या टीडीएसचा हिशेब या सवयी पहिल्या कामापासून लावा.

सिनेमाकडे

चार-पाच गाणी झाली की एक दहा मिनिटांची शॉर्टफिल्म करा, तीत संवाद असू द्या. गाण्यात संगीत तुम्हाला सांभाळून घेतं, शॉर्टफिल्ममध्ये शांतता सांभाळायची असते. संवाद आपल्या बोलीत लिहा. ‘काहून’, ‘लेकरू’, ‘इकडं ये की’ हे खोडून पुण्याची मराठी भरू नका, आणि हशा मिळवण्यासाठी बोली वापरू नका. पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन ऑनलाइन नोंदवता येते. ती कुणालाही पाठवण्याआधी नोंदवा. पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट करायची वेळ आली की शीर्षकाची नोंदणी कोल्हापूरच्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाकडे, आणि थिएटरात जाण्याआधी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र. २०२४ पासून ‘यूए’ या (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) गटात ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झाले आहेत, लिहितानाच आपला प्रेक्षक कोणत्या वयाचा ते ठरवा.

मुंबईला जायची वेळ आता. सहायक दिग्दर्शक म्हणून एक-दोन चित्रपट करा. सुरुवातीला क्लॅप आणि कंटिन्युइटी मिळेल. कंटिन्युइटी आवडीनं करा : कुंकू किती मोठं होतं, पेला अर्धा होता की भरलेला, पदर कोणत्या खांद्यावर. हे काम करणाऱ्याला अख्खा सिनेमा तुकड्यांत पाठ होतो. आणि फर्स्ट एडी, म्हणजे पहिला सहायक दिग्दर्शक, दिवस कसा हाकतो ते बघत राहा.

निघताना तीन महिन्यांचं भाडं आणि मेसचे पैसे वेगळे ठेवा. देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसनं जा, पहिले काही दिवस आपल्याकडच्या एखाद्या पोराच्या खोलीवर काढा, तसं कुणी ना कुणी असतंच. काम मागताना निरोप चार ओळींचा असू द्या : नाव, गाव, काय काय पूर्ण केलंय, कधीपासून मोकळे आहात. लिंक एकच जोडा, तुमच्या सगळ्यात चांगल्या गाण्याची, आणि ती पासवर्डशिवाय उघडते का ते दुसऱ्याच्या मोबाइलवर आधी तपासून घ्या.